पाणी निवळायचे दिवस

श्रावण लागला की आमच्या नळाला तांबूस पाणी येतं. घर बदललं, नळ बदलले, गच्चीवरची टाकी बदलली. हे काही बदललं नाही. सुमन अजून तुरटीचा खडा घेऊन हंड्यावर वाकते, चार वेळा पाण्यातून फिरवते आणि झाकण ठेवून दुसऱ्या कामाला लागते. मी मात्र थोड्या थोड्या वेळाने झाकण उचलून आत बघतो. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं.

"काय बघता हो सारखं सारखं? बघून का लवकर निवळणार आहे?" ती आतून म्हणते.

निवळत नाही हे मलाही माहीत आहे. पण गंगापूर धरणाचं पाणी आहे ते. त्या पाण्याच्या काठावर मी एके काळी सलग दोन महिने बसलेलो आहे. लाल पाण्यापासून ते नितळ पाण्यापर्यंतचा एक अख्खा मोसम. लोक म्हणतात, जुन्या आठवणींनी माणूस ताजा होतो. मला ही आठवण दमवते. खांदे जड होतात, पिंढऱ्यांत गोळे आल्यासारखं वाटतं. तरी दरवर्षी ती येते, आणि घरी आलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकाला बसायला द्यावं तशी मी तिला जागा करून देतो.

आणीबाणी उठून दीडेक वर्ष झालं असेल. मी सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. सव्वीस वर्षांचा. लग्न झालेलं, चार महिन्यांची मुलगी. आमच्याच खात्यात रंगनाथ अहिरे नावाचे फिटर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. पंचेचाळिशीचे, काळेसावळे, हाडापेराने मोठे, बोलायला कमी. सटाण्याच्या पलीकडचं त्यांचं गाव, मोसम नदीच्या काठावर. कारखान्यात वीस वर्षं काढून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली होती. पण राग आला किंवा गळाला मासा लागला की त्यांचं अहिराणी आपोआप वर यायचं. 'आहे'चं 'शे' व्हायचं, 'मला'चं 'माले'.

आषाढ संपता संपता एके दिवशी सकाळच्या पाळीला आम्ही गेलो, तर फाटकाला कुलूप. शेजारी कागद चिकटवलेला. टाळेबंदी. आम्ही दीड-दोनशे माणसं हातात डबे घेऊन पावसात उभी होतो. काहींनी तिथेच डबे उघडून खाल्ले, कारण भरलेला डबा तसाच घरी परत नेणं कुणालाच नको होतं. बायको विचारणार, का नाही खाल्ला?

पहिला पंधरवडा मांडव, घोषणा, भाषणं यांत गेला. मग मांडवातली गर्दी ओसरली. एका सकाळी नाना माझ्या सायकलीला टेकून उभे होते. म्हणाले, "भीमा, घोषणा खाऊन घरी पोट भरत नाय. गळ टाकता येतो का?"

"नाही येत."

"मग चल."

असं ते सुरू झालं. सातपूरहून गंगापूर गावाकडे जाणारा रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा, द्राक्षांचे मांडव, मध्येच भाताची खाचरं. चिखलाने सायकलीचं चाक मडगार्डात अडकायचं, मग उतरून काडीने चिखल काढायचा. धरणाच्या मागच्या अंगाला, जिथे एक ओढा पाण्याला येऊन मिळतो, तिथे नानांची जागा होती. एक वाकडी बाभूळ, दोन काळे खडक आणि पुढे नजर जाईल तिथवर लाल पाणी. घट्ट, चहात दूध जास्त झाल्यासारखं.

मी म्हणालो, "या गढुळात माशाला गळ दिसणार कसा?"

"त्याला दिसायची गरजच नाय. नाक हाय ना त्याला."

नानांजवळ एक पिशवी असायची. त्यात तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचे तुकडे, मोरपिसाच्या देठाचे तरंगे, वेगवेगळ्या मापांचे गळ, सगळं फिटरच्या टापटिपीने वेगवेगळ्या डब्यांत. आणि एक पांढरी बशी, कडेला टवका गेलेली. तिला त्यांनी सुतळीचं शिंकं करून टांगलं होतं आणि खाली वजनाला एक नट बांधला होता. काठावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे खडकावर पालथं पडून ती बशी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की सुतळी चिमटीत धरायची आणि ओली झालेली सुतळी वितीने मोजायची.

त्या पहिल्या दिवशी बशी पाण्यात गेली आणि लगेच नाहीशी झाली. चार बोटंसुद्धा नाही.

"आज मासा आंधळा हाय," नाना म्हणाले. "आंधळ्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. लांब नाय टाकायचा गळ. काठालाच."

आणि खरंच, एवढं अफाट पाणी समोर असताना आम्ही पायापासून सात-आठ हातांवर गळ टाकायचो. नाना सांगत, पुराचं पाणी काठाच्या मातीतली गांडुळं, किडे धुऊन आणतं. मासा ते खायला काठाशी येतो. दिसत नसल्यामुळे त्याला भीतीही वाटत नाही. दोरा जाड असला तरी चालतो, गळ मोठा असला तरी चालतो, तुम्ही लाल सदरा घालून बसा नाही तर हिरवा. फक्त आमिषाला वास पाहिजे. गांडुळांचा जुडगा नाही तर सडकी कोळंबी. त्या पाण्यात शिंगाळा लागायचा, वाम लागायची. ती सापासारखी मनगटाभोवती वेटोळं घालायची आणि मला शिसारी यायची. नाना तिला मातीत लोळवून पकडत.

सुमन बाळंतपणातून नीट उठली नव्हती. कुणीतरी सांगितलं होतं, मासे खाल्ले की अंगावर दूध येतं. पहिल्यांदा मी दोन शिंगाळे घेऊन घरी गेलो तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिने लसूण-खोबऱ्याचं वाटण केलं, भरपूर रस्सा केला. आम्ही दोघं एका ताटात जेवलो आणि मुलगी शेजारी झोपली होती. कुलूपबंद कारखान्याचा विचार त्या संध्याकाळी एकदाही आला नाही.

तीच सुमन भाद्रपद लागला तसं म्हणाली, "आता नका आणू हो मासे. पोरीच्या टाळूलासुद्धा वास येतोय. भांड्यांना, अंथरुणाला, सगळ्याला."

तिचं बरोबर होतं. पण मासे नाहीत तर काय, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून मी आणत राहिलो आणि ती शिजवत राहिली. रश्श्यातलं खोबरं गेलं, मग तेल कमी झालं, मग नुसतं तिखट-मीठ आणि पाणी. कंटाळा ही चैनीची गोष्ट आहे असं मला तोवर वाटायचं. उपाशी न राहणाऱ्या पण पोट न भरणाऱ्या माणसालाही तो गाठतो, आणि तो भुकेपेक्षा जास्त दमवतो, हे तेव्हा कळलं.

पाऊस ओसरला. पाणी हळूहळू बदलायला लागलं. रोज काठावर गेल्याशिवाय ते कळत नाही. लालाचं तांबूस झालं, मग पिवळसर, मग साधारण हिरव्याकडे झुकलेलं. बशी एक वीत दिसायला लागली, मग दोन विती. नानांचं सगळं गणित तिच्यावर चाललेलं.

"आता काठावरनं उठायचं," एक दिवस ते म्हणाले आणि मला ओढ्याच्या तोंडाशी घेऊन गेले. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असावा. ओढा लाल पाणी आणत होता आणि धरणाचं पाणी तोवर अर्धं निवळलं होतं. जिथे दोन्ही पाणी भेटत होती तिथे एक रेघ उमटली होती, कापडाला शिवण असावी तशी.

"मोठा मासा त्या शिवणीवर उभा ऱ्हातो. गढुळात अंग लपवायचं आणि तोंड नितळाकडं. खाणं दिसतं, पण आपण दिसत नाय. लय हुशार शे तो."

आम्ही त्या शिवणीवर पेंडीचे गोळे टाकले. मला त्या दिवशी आयुष्यातला पहिला रोहू लागला. दंडाएवढा. काठी वाकली, तरंगा बुडाला तो वर येईचना, आणि नाना माझ्या मागे उभे राहून ओरडत होते, "ओढू नको! जाऊ दे, जाऊ दे त्याला, दमू दे!" मासा दमेपर्यंत मीच दमलो. काठावर आल्यावर नाना पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारून हसले. परत जाताना सायकलीच्या हँडलला तो रोहू टांगलेला, आणि वाटेत बागांमधली माणसं विचारायची, कुठे लागला? मी सांगायचो, आणि मला वाटायचं, मला विचारताहेत म्हणजे मी अजून कोणीतरी आहे.

द्राक्षांची छाटणी सुरू झाली होती. मोरचुदाच्या फवाऱ्याने बागांची पानं निळसर झाली होती. हवा कोरडी झाली. आणि कारखान्याच्या फाटकावर दुसरा कागद लागला. ज्यांना कामावर यायचं असेल त्यांनी सही करावी. यापुढे संघटनेशी संबंध ठेवणार नाही, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, वगैरे. आठ-दहा जणांनी पहिल्याच दिवशी सही केली. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. खरं तर सगळे नानांचं तोंड बघत होते. नाना पुढारी नव्हते, भाषण त्यांनी आयुष्यात केलं नसेल. पण मांडवात ते कोपऱ्यात येऊन बसले की माणसांना धीर यायचा.

काठावर मी विचारलं, "नाना, सहीचं काय?"

ते बशी मोजत होते. "साडेतीन विती," ते म्हणाले. मग सुतळी गुंडाळत, "खेद कशाचा, ते लिहिलं नाय कागदावर." बस्स. मी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला.

त्या पाण्यात सगळं उलटं झालं होतं. नाना नव्याने शिकवत होते. आता तंगूस बारीक, गळ बारीक, आमिष थोडं. आता लांब टाकायचं आणि खोल. उन्हं चढली की मासा तळाला जातो, म्हणून पहाटे फटफटताना यायचं नाही तर दिवस कलल्यावर. वारा ज्या काठाला लागतो तिथे बसायचं, कारण लाटांनी पाणी फुटतं आणि माशाला वरचं नीट दिसत नाही. सूर्य पाठीशी घ्यायचा नाही, सावली पाण्यात पडते. बोलायचं हळू, पाय आपटायचा नाही. आणि पांढरं अंगात घालायचं नाही. "नितळ पाण्यात तू त्याला जेवढा दिसतो, तेवढा तो तुला दिसत नाय," ते म्हणायचे. "गढुळातला मासा कोणीबी धरंल. निवळ पाण्यात माणसाची परीक्षा शे."

त्या परीक्षेत आम्ही रोज नापास होत होतो. दिवसाला एखादी चिलापी, कधी तीही नाही. पाणी जसं सुंदर होत गेलं तशी पिशवी रिकामी होत गेली.

एका संध्याकाळी मी हात हलवत घरी आलो. मुलगी रडत होती, रडून तिचा आवाज बसला होता. सुमन तिला मांडीवर हलवत भिंतीकडे बघत म्हणाली, "सही करून या."

"नाना काय म्हणतील?"

तिने माझ्याकडे बघितलं. "नानांची पोरं मोठी झालीत. गावाला त्यांचं शेत आहे, भाऊ आहे. आपल्याला कोण आहे?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी तुम्हाला कमी समजणार नाही. कधीच नाही. पण उद्या जा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. आदल्या दिवशी कॉलनीतल्या विहारात आम्ही तिघंही पांढऱ्या कपड्यांत जाऊन वंदना करून आलो होतो. माझ्याकडे बरा असा तो एकच सदरा होता, विहारात जायला शिवलेला. साहेबापुढे जायचं म्हणून तोच पुन्हा घातला. फाटकाजवळच्या खोलीत टेबल मांडलं होतं. एक कारकून आणि एक अधिकारी. कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी न वाचता सही केली. सही इतकी लहान झाली की माझी मलाच ओळखू आली नाही.

अधिकारी यादी चाळत होता. सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "तुमच्या खात्यातला तो अहिरे. तुमच्याबरोबर असतो ना? तो येतोय का?"

आणि मी मान वर करून म्हणालो, "नाना? नाही साहेब. नाना सही करणार नाहीत. ते त्यातले नाहीत."

मी हे का म्हणालो, याचा विचार मी पुढे शेकडो वेळा केला आहे. भीतीने नाही. चुगली करायची म्हणून तर नाहीच. मी अभिमानाने म्हणालो. माझी सही कागदावर ओली होती, माझा मान गेला होता, आणि त्या क्षणी मला निदान एवढं तरी दाखवायचं होतं, की आमच्यात असाही एक माणूस आहे. स्वतःचा ताठा संपला तेव्हा मी नानांचा वापरला. अधिकाऱ्याने "बरं" म्हटलं आणि यादीत एका नावावरून लाल पेन्सिल ओढली. मला ते दिसलं. त्याचा अर्थ मला लावायचा नव्हता, म्हणून मी तो लावला नाही.

तिथून घरी जायला हवं होतं. पण पाय सायकल धरणाकडे घेऊन गेले. दोन महिन्यांची सवय होती. नाना बाभळीखाली बसले होते. पाणी त्या दिवशी असं होतं की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. बुडालेल्या गवताची पाती उभी दिसत होती, आणि त्यांच्यामधून बोटभर मासोळ्यांचा थवा एकदम वळत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. समोरचा थवा क्षणात फुटून नाहीसा झाला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. सदऱ्याकडे बघितलं.

"सही केली?"

मी मान हलवली.

"पोरीसाठी केली. बरं केलं." ते पुन्हा तरंग्याकडे बघायला लागले. "आता तो सदरा काढ. मासे पळताहेत."

मी सदरा काढला. आत बनियन होतं. तेही पांढरंच. नानांनी ते पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं, आवाज न करता, खांदे हलवत. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मला रडू आलं. नानांनी त्यांचा खाकी सदरा काढून माझ्या अंगावर टाकला. कारखान्याचाच गणवेश होता तो. मग ते उघड्या अंगाने दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. थंडी पडायला लागली होती, त्यांच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला दिसत होता. त्या दिवशी काहीच लागलं नाही. यादीवरची लाल पेन्सिल माझ्या तोंडाशी येऊन परत गेली.

पुढे सगळं भराभर झालं. मी कामावर रुजू झालो. महिन्याभरात टाळेबंदी उठली, बहुतेकांनी सह्या केल्या, बहुतेकांना घेतलं. काही जणांना नाही घेतलं. त्यांत नाना होते. माझ्या लेथवरून त्यांचा रिकामा बाक समोरच दिसायचा. मी स्वतःला सांगायचो, त्यांनी सही केलीच नाही, मग कसे घेतील? ते ताठ राहिले. हे सांगितलं की दिवस जायचा. पौषात ते गाव गाठायला निघाले, जाण्याआधी आमच्याकडे येऊन गेले. मी पाळीवर होतो. सुमनने चहा केला. मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं, म्हणे, आणि "बाळसं धरलं" असं म्हणून उठले.

मी धरणावर पुन्हा गेलो नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, वेळ नसतो. वेळ खरंच नसायचा. जादा पाळ्या, मुलीची शाळा, मग मुलगा, कॉलनीतलं घर. पण दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास नळाचं पाणी काचेसारखं यायला लागलं की मला झोपून राहावंसं वाटायचं. सुमन कपाळाला हात लावून बघायची. ताप नसायचा.

सात-आठ वर्षं गेली. एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न सटाण्याला होतं. जाऊ की नको करत गेलो. अक्षता पडल्या, आणि जेवणाची पंगत बसायच्या आत मी मांडवातून बाहेर पडलो. चौकशी करत, एका जीपच्या मागे लोंबकळत, नानांच्या गावात पोचलो. दुपार टळली होती. वेशीपाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये ते डिझेल इंजिन खोलून बसले होते. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं आता ते दुरुस्त करायचे. केस पांढरे झालेले, हात तेच.

"भीमा?" ते उठले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. "बैस. त्या पेटीवर बैस. पोरगी कशी शे?"

मी सगळं सांगितलं. मुलगी, मुलगा, घर. त्यांनी त्यांचं सांगितलं. कांद्याची रोपं टाकली होती, लोकांना पाण्याची घाई होती, इंजिन आजच चालू करून द्यायचं होतं. बोलता बोलता ते फडक्याने बोटं पुसत राहिले.

"तुला एक सांगतो. कुणाला सांगितलं नाय. घरातसुद्धा नाय." ते शेडबाहेर बघत होते. "मीबी गेलो होतो सही करायला. तुझ्यानंतर आठ दिवसांनी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लय इचार केला. थंडी पडली, मासा लागंना. मंडळी आजारी पडली. म्हटलं, एका सहीनं काय मरतो का माणूस? गेलो. तो बाबू म्हणला, तुमचं नाव काढलं. तुम्ही सही करणार नाय असं आम्हाला कळलंय." ते जरा हसले. "मी म्हटलं, अरे, मी समोर उभा शे ना! तो म्हणला, आता यादी वर गेली."

शेडच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. मला उठून जाता आलं असतं. जीप अजून वेशीवर उभी होती. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या ताठपणाचा आधार घेऊन दिवस काढले तो ताठपणा नव्हताच. माझ्यासारखाच एक थकलेला माणूस त्या टेबलापर्यंत चालत गेला होता, आणि त्याच्या पुढ्यातला कागद मी काढून घेतला होता. मोठ्या तोंडाने, त्याची स्तुती करून.

"नाना," मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "ते मी सांगितलं होतं. साहेबाने विचारलं, मी म्हणालो, नाना सही करणार नाहीत. मला वाटलं… मी चांगल्या मनाने…"

मी पायाशी मांडलेल्या पाना-पकडींकडे बघत राहिलो.

नाना फडकं घडी घालत होते. चार पदरी घडी घालून त्यांनी ते मांडीवर ठेवलं.

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "त्या बाबूनं तवाच तुझं नाव सांगितलं."

"मग घरी आलात तेव्हा… सुमनला…"

"तिला काय सांगायचं? लेकुरवाळी बाई." त्यांनी मांडीवरचं फडकं बाजूला ठेवलं. "पयली दोन वर्षं तू आला असता तर मी तुला गावात उभा केला नसता. खोटं कशाला बोलू? लय राग होता. मग राग कमी झाला. मग म्हटलं, येईल कधीतरी. आपल्या तोंडानं सांगंल." त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "यायला लय येळ लावला तू."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नाही. नुसता बसून राहिलो, हात गुडघ्यांवर ठेवून, इतका दमलेला की जन्मभराच्या सगळ्या पाळ्या त्या एका दुपारी माझ्या अंगात उतरल्या होत्या.

बाहेर कुणीतरी शेतकरी येऊन उभा राहिला. "नाना, व्हईल ना आज? रोपं सुकी ऱ्हायनात."

"व्हईल," नाना म्हणाले, आणि इंजिनावर वाकले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात मागे केला.

"तेरा नंबर दे."

लहानमोठे पाने माझ्या पायाशी फडक्यावर ओळीने मांडलेले होते. मी तेराचा शोधला, धोतराच्या तुकड्याने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.